वहिनींनी निवडलेलं सॉफ्टवेअर

कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत. नवरा सुतार. तो लाकूड पारखायचा, जोडायचा. ती कॉम्प्युटरवर डिझाइन काढायची. शेजारपाजारच्या सुतारांबरोबर मिळून त्यांनी एक सीएनसी मशीन घेतलं होतं. कॉम्प्युटरवर काढाल तशी फळी ते आपोआप कापून द्यायचं. काम कुणाचंही असो, डिझाइन वहिनीच काढायची.

ती वापरायची त्या सॉफ्टवेअरचं भाडं वाढत वाढत आवाक्याबाहेर गेलं, तेव्हा स्वस्तातलं काहीतरी शोधायचं ठरलं. कारखान्यातला पॉलिशवाला म्हणाला, "वहिनी, तुम्हीच वापरून बघा. तुम्हाला पटलं की आम्हाला पटलं."

पहिलं तिने लगेच बाद केलं. कापलेला तुकडा जागचा हलू नये म्हणून कडेला थोडं थोडं लाकूड न कापता सोडावं लागतं. ते त्याला जमेना. स्टुलाचा पाय मध्येच सुटला आणि पॉलिशवाल्याच्या कानाजवळून भिंतीवर जाऊन आदळला.

"याच्यावर फार तर पोरांनी डोंगर आणि सूर्य काढावा," वहिनी म्हणाली.

दुसरं बरं होतं, पण तिला ते उमगायला वेळ लागू लागला. जुनं सॉफ्टवेअर कुणाच्या मदतीशिवाय शिकलेली बाई; आता कालचंच बटण आज पुन्हा शोधत बसायची. नवऱ्याला वाटलं, नवीन आहे, सरावेल.

मग एका दुपारी तिने सगळ्यांना बोलावलं. चेहरा खुलला होता. "सापडलं. हेच घेऊ या."

पडद्यावर पहिलंच सॉफ्टवेअर होतं.

पॉलिशवाला हसला. "वहिनी, याने माझं डोकं फोडलं असतं. तुम्हीच नाही का हाकललंत याला?"

सगळे हसले. तीही हसली, पण हसता हसता तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं, ती थट्टा करत नव्हती.

घरी आल्यावर चपला काढता काढता तिने विचारलं, "खरंच वापरलं होतं का रे मी ते?"

"हो."

"आणि तो पाय उडाला?"

"हो. तू डोंगर आणि सूर्य म्हणालीस."

ती दारातच खाली बसली. "जुनं अजून हातात आहे. पण नवीन काही आत शिरतच नाही. रोज सकाळी उघडते, तर पहिल्यांदाच बघतेय असं वाटतं. तुला कसं सांगू, कळत नव्हतं."

तो तिच्याशेजारी बसला.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं. औषधाने वेग कमी होईल, म्हणाले. बरं होईल असं म्हणाले नाहीत.

कारखान्याने ते दुसरंच सॉफ्टवेअर घेतलं, जे तिला उमगत नव्हतं. ते शिकायला सुतार स्वतः बसला. रंधा धरणाऱ्या त्या जाड बोटांना माऊस म्हणजे साबणाची ओली वडी. ती शेजारी खुर्ची ओढून बसायची. "घाई करू नकोस. आधी फळीची जाडी टाक," असं सांगायची. पुढे पुढे सांगणं थांबलं. नुसती बघत राहायची. त्यानंतर खिडकीबाहेर बघू लागली.

त्याने संपूर्ण स्वतः काढलेली पहिली खुर्ची मशीनवर कापून झाली, तेव्हा घासून, जोडून त्याने ती तिच्यासमोर ठेवली. पाठ फार सरळ झाली होती, हे त्याला कळत होतं. त्याच्या कामात खोट काढल्याशिवाय तिने आजवर एकही वस्तू दाराबाहेर जाऊ दिली नव्हती. त्यावरून दोघं कडाकडा भांडायचे, आणि बहुतेक वेळा तीच बरोबर असायची.

"बसून बघ ना," तो म्हणाला.

ती बसली. पाठ टेकली. नुसत्या तोंडओळखीच्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाली, "छान झालीय."

"पाठ सरळ नाही वाटत?"

"नाही, नाही. अगदी छान."

तो मशीनकडे वळला. बंदच असलेलं मशीन बराच वेळ पुसत राहिला.