गौराबाईच्या नावचा चेक

सहदेव ठोंबऱ्यावर कुणाचं प्रेम नव्हतं, आणि त्याने ते कधी मागितलंही नव्हतं. कर्जतजवळच्या कडाव गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला, एका सेवा मंडळाची आश्रमशाळा होती. दीडशे पोरं, एक दवाखाना आणि एक खिळखिळी जीप. या सगळ्यांची बिलं भागवायचं काम एकोणतीस वर्षं सहदेवकडे होतं. ज्याच्या हातून पैसे सुटतात त्याच्याशी लोक निदान तोंडावर तरी गोड बोलतात. सहदेवच्या वाट्याला तेही आलं नाही.

त्याला कारण त्याची रीत. बिल आलं की तो ते वाचायच्या आधी चपला घालायचा. तांदळाचं असेल तर कोठीत जाऊन पोतं उघडायचा आणि मूठभर तांदूळ तळहातावर पसरून खडे शोधायचा. सरपणाचं असेल तर मोळी सोडून बघायचा, आत ओलं लाकूड दडवलंय का. चौक गावच्या गॅरेजवाल्याने एकदा जीपचा पट्टा बदलल्याचं बिल पाठवलं, तेव्हा जुना पट्टा हजर केल्याशिवाय सहदेवने पैसे सोडले नाहीत. बिचारा तो तुटका पट्टा पिशवीत घालून एस.टी.ने शिव्या देत आला. माल डोळ्यांनी दिसला की बिलावर सही, आणि शुक्रवारी रोख पैसे. ते देताना हसणं नाही, बसा म्हणणं नाही, चहाचं तर नावच नको. खोपोलीचा धान्यवाला म्हणायचा, हा माणूस पैसे देतो की भीक घालतो तेच समजत नाही.

दुधाचे नियम त्याहून कडक. सकाळी साडेसहाच्या आत दूध आलं पाहिजे. उशिरा आलं तर परत, आणि वहीत त्या दिवसाचा नागा. नाग्याचे पैसे कापायचे.

हा रतीब एकोणसत्तर साली गौराबाईने सुरू केला, म्हणून तो गौराबाईचा रतीब. सत्त्याहत्तरच्या श्रावणात गौराबाई वारली आणि तिची सून मोतीबाई दूध घालू लागली. तरी रतीब गौराबाईचाच राहिला. त्या गावात रतीबाचं नाव बदलायची पद्धतच नव्हती. नाव बदलायचं म्हणजे जुना रतीब मोडून नवा धरायचा, आणि चालता रतीब मोडला की म्हशी आटतात असं बायका धरून चालायच्या. सहदेवला म्हशींशी कर्तव्य नव्हतं, पण चालू खातं उगाच बंद करू नये असं त्याचंही मत होतं. पावतीवर 'गौराबाईचा रतीब' लिहून तो ती पुढे सरकवायचा, मोतीबाई अंगठा उठवायची, शेजारी तो 'समक्ष' असं लिहायचा. अंगठा कुणाचा, हे त्याने आठ वर्षांत एकदाही लिहिलं नाही. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट लिहायची कशाला? दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जन्म घालवलेल्या माणसाने स्वतःची ही एक चूक दर शुक्रवारी नेमाने केली.

पंच्याऐंशी साली मंडळाला धारप नावाचा नवा खजिनदार मिळाला. वय पस्तीस, नोकरी मुंबईच्या एका कंपनीत, आणि अंगात नव्याचा असा जोर की बघणाऱ्याला धाप लागावी. त्याच्या कंपनीत कॉम्प्युटर होता. रिकाम्या वेळात तो मंडळाला फुकट वापरायला मिळणार होता. आता प्रत्येक पुरवठादाराला एक नंबर, बिलं थेट मुंबईला, आणि दर महिन्याच्या सात तारखेला मशीनमधून सगळे चेक आपोआप छापून बाहेर.

"ठोंबरे, तुमच्या चपला वाचल्या," धारप म्हणाला.

"आणि माल आलाय की नाही ते कोण बघणार?"

"बिल आलंय म्हणजे माल आलाय."

त्या दिवसापासून धारप सहदेवच्या डोक्यात गेला तो गेलाच. पुरवठादारांना मात्र आनंदाचं भरतं आलं. चौकच्या गॅरेजवाल्याने त्या पावसाळ्यात चार चाकांच्या जीपला सहा नवे टायर बसवले, आणि मशीनने सहाही टायरांचे पैसे बिनतक्रार दिले. सहदेवने मुंबईला पत्र टाकलं. उत्तर आलं की जुन्या पद्धतीच्या लोकांनी नव्या पद्धतीत खोड्या काढू नयेत.

नंबर देण्यासाठी मुंबईहून फॉर्म आले होते. वर सूचना होती: नावे खतावणीत आहेत तशीच उतरवावीत, अक्षर बदलू नये. सहदेवने अक्षर बदललं नाही. त्रेचाळीस नंबरला त्याने लिहिलं, गौराबाई, दूध.

जुलैपासून त्रेचाळीस नंबरचा चेक येऊ लागला, कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारलेला. मोतीबाई तो घेऊन कर्जतच्या बँकेत गेली. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, हे पैसे खात्यातच जमा होतील, गौराबाईंना घेऊन या. मोतीबाई म्हणाली, ती कशी येईल, तिला जाऊन आठ वर्षं झाली. चेक परत. ऑगस्टचाही परत, सप्टेंबरचाही परत. तीन महिने दूध गेलं आणि हातात दमडी आली नाही.

ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. "पेंडवाला दारात येऊन बोंबलतोय. माजं पैसं कुटं हायत?"

"आता पैसे मी देत नाही, मशीन देतं," सहदेव म्हणाला. खरं तर त्याला यात थोडा आनंदच होत होता. धारपची कशी जिरली, एवढंच त्याला दिसत होतं. समोर एक बाई तीन महिन्यांच्या उधारीवर म्हशी पोसतेय, हे दिसत नव्हतं.

तो आनंद आठवडाभरही टिकला नाही. बँकेने शेवटचा चेक 'जिच्या नावे आहे ती मयत' असा शेरा मारून मुंबईला पाठवला. धारपने जुन्या वह्या मागवल्या, आकडे मशीनमध्ये घातले आणि बेरीज घेऊन गाडीने हजर झाला. एकसष्ट हजार चारशे रुपये.

"आठ वर्षं तुम्ही मेलेल्या बाईला दुधाचे पैसे देताय," त्याने कागद टेबलावर आपटला.

"दूध आलंय. पोरांनी प्यायलंय. पैसे तिची सून नेते."

"कागदावर सून कुठे आहे?"

"अंगठा तिचा आहे."

"अंगठ्यावर नाव असतं का? तुमच्या बायकोचाही असेल!"

सहदेवचे कान तापले. त्याच्या बायकोला सही करता येत होती. पण ते सांगण्यातही त्याला अपमान वाटला. धारपने मग सत्त्याहत्तरची दुधाची वही काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सहदेवच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'गौराबाई मयत. दूध उशिरा. परत. नागा १.'

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग झालं तर!"

धारपने जाताना दोन गोष्टी केल्या. रविवारी चौकशीची सभा लावली. तिथे समाधान झालं नाही तर पोलीस, आणि मार्चमध्ये निवृत्त होताना मिळायची ग्रॅच्युइटी विसरा, असं बजावलं. आणि शाळेच्या फळ्यावर मशीनने छापलेला एक कागद डकवला. वर 'बोगस पुरवठादार' आणि खाली एकच नाव, गौराबाई. दोन दिवसांत ते गावभर झालं. एकोणतीस वर्षं जो लोकांना चोर समजून तपासत होता, तोच चोर निघाला म्हणून पुष्कळांना गोड वाटलं. ग्रॅच्युइटी बुडाली तर सहदेव शेतावर जगला असता. पण चोर म्हणवून घेऊन त्याला त्याच रस्त्याने घरी जाता आलं नसतं.

त्याला वाचवू शकत होती एकटी मोतीबाई. आणि ती का वाचवणार नाही, हे त्याला नेमकं माहीत होतं.

वहीतली ती ओळ. गौराबाई पहाटे चारला गेली होती. घरातले पुरुष लाकडं जमवायला गेलेले, बायका रडतायत, आणि मोतीबाईने पोरांचं दूध चुकू नये म्हणून डोळे पुसून म्हैस पिळली. आठ लिटरची किटली घेऊन चिखलातून आली तेव्हा पावणेसात झाले होते. सहदेवने घड्याळाकडे बघितलं. "उशीर झाला. परत ने."

"म्हातारी गेली पहाटं," ती म्हणाली.

सुतकाच्या घरचं दूध नको, असं तो म्हणाला असता तरी तिने समजून घेतलं असतं. त्याने नुसती वही उघडली आणि ती जे म्हणाली ते लिहून घेतलं. मोतीबाईने फाटकाबाहेरच्या गटारात किटली उपडी केली आणि गेली. पुढचे बारा दिवस शेजारणीच्या म्हशीचं दूध साडेसहाच्या आत येत राहिलं. सुतक फिटल्यावरच्या शुक्रवारी सहदेवने सोळा रुपये कापले. तिने अंगठा उठवला, आणि तेव्हापासून कामापलीकडे एक शब्द त्याच्याशी बोलली नाही.

शनिवारी तो तिच्या दारात गेला. ती म्हशीला पेंड कालवत होती. तिने पाणी विचारलं नाही, बस म्हटलं नाही.

"रविवारी अकराला सभा आहे. तुला बोलावलंय."

"कुनी? तुमी का त्यांनी?"

सहदेवच्या जिभेवर 'मी' हा शब्द येऊन परत गेला. "मंडळाने," तो म्हणाला.

मोतीबाई हात धुऊन उभी राहिली. "फळ्यावर माज्या सासूचं नाव लावलंय म्हनं. खरं हाय?"

"हो."

"काय म्हनून?"

"बोगस म्हणून. म्हणजे खोटी. अशी बाईच नव्हती म्हणून."

तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने नजर काढून घेतली. मग ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

सभा चौथीच्या वर्गात भरली. अध्यक्ष म्हणजे एक थकलेले म्हातारे डॉक्टर, शेजारी फायली घेऊन धारप, समोर चार सभासद. इतिवृत्त लिहायला सहदेवच बसला. ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच चौकशी लिहून घ्यावी, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या कुणाचं अक्षर कुणाला लागत नव्हतं. सभेत बोललेलं सगळं लिहायचं आणि शेवटी उभं राहून वाचून दाखवायचं, अशी मंडळाची शिस्त होती. ती सहदेवनेच लावलेली.

सव्वाअकराला मोतीबाई आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"माज्या सासूला खोटी कोन म्हनलं?" तिने आल्या आल्या विचारलं.

धारप गडबडला. "बाई, प्रश्न पैशांचा आहे. पैसे कुणी घेतले?"

"मी घेतले. दर सुक्रवारी. अंगठा माजा हाय, बगा की." तिने डावा अंगठा पुढे केला. त्यावर विळ्याचा जुना आडवा वण होता. डॉक्टरांनी शाईचा पॅड मागवला, एक ठसा घेतला आणि भिंग लावून पावत्या चाळल्या. आठ वर्षांच्या प्रत्येक ठशावर तीच आडवी पांढरी रेघ होती. धारप फायलीत तोंड खुपसून बसला.

"तो कागद फळ्यावरून काढा," मोतीबाई म्हणाली. एक सभासद उठून गेला आणि काढून आला. तिने तो घेतला, घडी केली आणि कमरेला खोवला.

डॉक्टरांना हायसं वाटलं. "म्हणजे ठोंबऱ्यांनी एक पैसाही खाल्लेला नाही."

"नाय खाल्ला. त्यो चोर नाय."

सहदेवचा टाक कागदावर चालत होता. त्याने 'चोर नाही' लिहिलं. सुटलो, असं त्याला वाटलं, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्याने आपण होऊन मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिला काही तरी बरं बोलावं, असंही मनात आलं.

"पर मी त्याच्यासाटी आली नाय," मोतीबाई पुढे म्हणाली. "माज्या घरात मयत पडलेली, तरी पोरांचं दूद घेऊन मी आली. ह्यानं घड्याळ बगितलं. सासू मेली म्हनून सांगितलं, तर त्ये लिवून घेतलं आन सोळा रुपये कापलं. तुमचं मशीन बी तसंच. मेलेल्या बाईला चेक लिवतंय आन जित्या बाईला उपाशी मारतंय. सायेब, मशीन आनायला मुंबयला कशाला गेलात? तुमच्याकडं व्हतं की." तिने पदर सावरला. "तीन म्हयन्यांचं पैसं द्या. उद्यापास्नं रतीब मोडला."

आणि ती गेली. कुणी तिला थांबवलं नाही. वर्गात नुसता टाकाचा आवाज येत होता.

"ठोंबरे," डॉक्टर हळूच म्हणाले, "तेवढं नका लिहू. चोर नाही, इथवर पुरे."

"बोललेलं लिहायची शिस्त आहे," सहदेव म्हणाला, आणि लिहीत राहिला. मग तो उभा राहिला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागला. आवाज नेहमीसारखाच, सपाट. चोर नाही, तेही वाचलं. मयत, घड्याळ, सोळा रुपये वाचलं. 'मशीन आणायला मुंबईला कशाला गेलात, तुमच्याकडे होतं' हेही वाचलं, आणि थकलेले पैसे, मोडलेला रतीब इथवर येऊन थांबला. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. तो त्याने घेतला नाही. त्याच्या कागदावर अजून एक ओळ उरली होती, ती त्याने वाचली:

"सदर विधानाबाबत श्री. ठोंबरे यांचे काहीही म्हणणे नाही."