अस्तरावरचं अर्धं वाक्य

आपा गेल्याचं मला गिरणीवर कळलं. मी दळणाला नंबर लावून बसले होते. गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला आणि म्हणाला, "तुमच्या शिलाईवाल्या शमीमआपा गेल्या म्हणे. हिंगोलीला नेईपर्यंतच..." मी डबा तिथंच टाकून निघाले, आणि अर्ध्या वाटेतून परत येऊन तो घेतला. असं का केलं, सांगता येत नाही. दीड महिना झाला, माझं असंच चाललंय. एका जागी बसवत नाही. भाकरी तव्यावर टाकते आणि उगाच अंगणात जाऊन येते.

पुसेगावात आमच्यापासून चौथं घर आपांचं. दारातच मशीन. मी त्यांच्याकडं काजं-बटणं करायला बसायची. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पण मशीनचा आवाज चालू असला की मी बोलायची. आपांना सातवीनंतर शाळेतून काढलं होतं. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसून दहावी दिली, मग बारावी, मग मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. अभ्यासाला वेगळा वेळ नव्हताच. पुस्तक मशीनवर उघडं असायचं, आणि पाठ करायचं ते त्या शिलाईच्या खडूनं गिऱ्हाइकाच्या कापडावर उलट्या बाजूनं लिहायच्या. शिवून झालं की कापड झटकायचं, खडू गेला. डोक्यात राहिलं ते आपलं, म्हणायच्या.

माझी चौथी. माहेरच्या गावात शाळा तेवढीच होती. पाचवीला वारंगा फाट्यावरचा मोठा रस्ता ओलांडावा लागायचा, आणि वडील म्हणाले, ट्रका लई असतात. सतरा नंबरला निदान पाचवी लागते. एका वर्गासाठी मी अडले, हे कळल्यावर आपा माझ्यापेक्षा जास्त चिडल्या. चौकशी करून आल्या... अठरा पूर्ण असली की शाळेचा दाखला नसला तरी पूर्वतयारीची परीक्षा देता येते, ती झाली की थेट बी.ए. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मग वर्ग असले की रविवारी त्या मला हिंगोलीला नेऊ लागल्या. मी अभ्यासकेंद्राच्या पायऱ्यांवर बसायची. आतलं शिकवणं ऐकू यायचं आणि समजायचंसुद्धा, हे मी कुणाला सांगितलं नाही. शेवटच्या रविवारी केंद्रावरच्या मॅडमनी विचारलं, या कोण? आपा म्हणाल्या, पूर्वतयारीला बसणार आहे. माझ्या तोंडून निघालं, "न्हाई मॅडम, मी नुसती सोबतीला आले."

बस लागल्यावर आपांनी खिडकीची जागा धरली. बसल्यावर म्हणाल्या, "नुसती सोबतच पाहिजे होती तर मी बकरी आणली असती, सुमन. ती निदान खोटं बोलली नसती."

मी म्हटलं, पुढच्या रविवारी खरं सांगते. गुरुवारी आपा गेल्या.

दहा दिवसांपूर्वी त्यांची लेक नसीम एक कागद देऊन गेली, मशीनच्या खणात सापडला म्हणून. माझा फॉर्म. केंद्रावर तो कॉम्प्युटरवर भरतात, पण आपांनी आधी कागदावर सगळं लिहून ठेवलं होतं, चूक होऊ नये म्हणून. माझ्याकडं फोन नाही, तिथं त्यांनी स्वतःचाच नंबर घातलाय. सहीची जागा तेवढी रिकामी होती. परवा शेवटची तारीख. कालपर्यंत तो कागद डाळीच्या डब्याखाली ठेवायची, काढायची, परत ठेवायची. नवरा म्हणतो, जा की. अडवणारं कुणीच नाही, अवघड ते आहे.

काल पेटीतून निळा ब्लाऊज काढला. आपांनी शिवलेला शेवटचा. तो शिवताना खडू संपला होता, म्हणून त्यांनी अस्तरावर बॉलपेननं लिहिलं आणि विसरून तसाच शिवून दिला. मी परत नेऊन दाखवला, तर कपाळाला हात लावून हसत सुटल्या. धुण्यात जाईल, म्हणाल्या. गेलं नाही. काखेखाली अजून वाचता येतं, 'ग्रामसभेत गावातल्या प्रत्येक मतदाराला'... तिथं कात्री लागलीय. पुढचं कात्रणात गेलं.

इतके महिने ते वाक्य अंगावर घातलं, पुढं काय ते कधी विचारलं नाही. काल नसीमकडं जाऊन आपांचं पुस्तक मागितलं, दारातच पानं उलटली. सापडायला वेळ लागला. 'उभे राहून प्रश्न विचारता येतो.'

घरी येऊन सही केली. अक्षरं ओळीच्या वर गेलीत. उद्या सकाळच्या बसनं हिंगोली. मॅडमना सांगायचंय की मी सोबतीला आले नव्हते. मनात वाक्य जुळवते आणि मोडते. तोच ब्लाऊज घालायचाय. परीक्षेलाही घातला तर कॉपी म्हणून धरतील का, हेही विचारीन... आपा असत्या तर आधी त्यांनाच विचारलं असतं. तो धुऊन दोरीवर टाकलाय. वाळला का बघायला आतापर्यंत चारदा उठले.