मुलाला न येणारा फोन

मोबाईलच्या दुकानात चौदा वर्षं उभं राहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. लोकांना फोनमधलं कळत नाही, याचं मला काही वाटत नाही. पण आपल्याला फोन कशाला हवा हेच ज्यांना ठाऊक नसतं, त्यांच्यामुळे डोकं उठतं. दिवसभर नुसतं "हॅलो, पोचलास का" एवढंच करणारा माणूस कॅमेऱ्याला किती डोळे आहेत ते मोजत बसतो. म्हणून मी पहिला प्रश्न ठरवून ठेवला होता: घरात बाकीच्यांकडे काय आहे? आयफोन असतील तर आयफोन घ्या, अँड्रॉइड असतील तर अँड्रॉइड. अडलंनडलं तर घरातलंच कुणीतरी दाखवतं. नियम माझा मीच काढलेला आणि त्याचा मला तोराही होता.

काकू आल्या तेव्हा हा नियम त्यांच्यासाठीच केलाय असं वाटलं. समोरच्या इस्पितळाच्या धुलाई विभागात सव्वीस वर्षं चादरींना इस्त्री करणाऱ्या या बाई. जेवणाच्या सुट्टीत आल्या होत्या, हातात मुलाने लिहून दिलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर आयफोनचं मॉडेल. मुलाकडे आयफोन, सुनेकडे आयफोन, जेवणाच्या टेबलावर त्याच कंपनीचा टॅब. काकूंचा जुना फोन म्हणजे मुलानेच वापरून दिलेला, त्याच्याच खात्यावर चालणारा. मी खोकं काढायला वळलो.

"तो नको," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या जातीचा दाखवा."

"अहो, घरात सगळ्यांकडे हाच आहे. काही अडलं तर मुलगा बघेल."

"म्हणूनच नको."

मी समजावलं. फोटो, नंबर सगळं दहा मिनिटांत नव्यात येईल, सवयही मोडणार नाही. काकू मान हलवत होत्या आणि नको म्हणत होत्या. माझा पारा चढायला वेळ लागत नाही. "मग मुलाला एकदा विचारूनच या," असं म्हणून मी खोकं परत फळीवर ठेवलं.

त्या गेल्या नाहीत. स्टुलावर बसल्या, डब्याची पिशवी मांडीवर घेतली आणि दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून बोलायला लागल्या.

त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती. कुणाचा फोन आला तरच तिचा दिवस जायचा. पण तिचं आणि काकूंच्या मुलाचं बोलणं तीन वर्षं बंद होतं. काकूंचे यजमान आजारी असताना त्यांना दुसऱ्या इस्पितळात हलवा म्हणून ती मागे लागली होती आणि मुलाने ऐकलं नव्हतं. यजमान गेले, त्या दिवशी चार माणसांत ती त्याला म्हणाली, "तुझ्या हट्टापायी गेला तुझा बाप."

"बोलायला नको होतं तिने," काकू म्हणाल्या. "पण बहीण आहे माझी."

खातं एकच असल्यामुळे तिचा फोन आला की घरातल्या सगळ्या पडद्यांवर तिचं नाव यायचं. एकदा जेवताना टेबलावरचा टॅब वाजला. मुलाने नाव वाचलं.

"ओरडला का?"

"ओरडला असता तर बरं होतं. अर्ध्या जेवणावरून उठला. तेव्हापासून मीच तिला सांगितलं, आता फोन करू नकोस."

हे सांगून दोन महिने झाले होते. मी तोंड सांभाळून बोलायला हवं होतं, पण दुकानदाराची खोड जात नाही. म्हटलं, "काकू, एवढंच ना? आयफोनच घ्या, तुमचं खातं वेगळं काढून देतो. त्याला काही दिसणार नाही."

काकूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "संध्याकाळी तो म्हणेल, दे आई, लावून देतो सगळं. त्याला काय सांगू? तू हात लावू नकोस? जीव लावतो हो मला. दुसऱ्या जातीचा फोन त्याला येत नाही. मग नाही म्हणायची वेळच येणार नाही."

चौदा वर्षांत इतकं नेमकं काम घेऊन माझ्याकडे कुणी आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

साधा, दणकट अँड्रॉइड काढला. अंगठ्याने उघडायचं कुलूप काही केल्या बसेना. इस्त्रीने आणि ब्लीचने बोटांवरच्या रेघा केव्हाच पुसल्या होत्या. मग आकड्यांचं कुलूप लावलं. आठवडाभर काकू जेवणाच्या सुट्टीत येत होत्या. चुका करायच्या आणि वर मलाच दटावायच्या, "तुम्ही फार भरभर दाखवता." चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः नंबर लावला, दाराकडे पाठ केली आणि हळूच म्हणाल्या, "मी बोलतेय गं." मग बराच वेळ पलीकडचंच ऐकत राहिल्या.

पंधरा दिवसांनी मुलगा आला. मी ओळखलं नाही, त्यानेच सांगितलं. मी भांडणाच्या तयारीत काउंटरवर दोन्ही हात टेकले.

"आईला तुम्ही जो फोन दिलात, तो मला शिकवाल का? तिला अडलं तर मला यायला हवं."

"त्यांना अडत नाही. त्यांनाच विचारा, त्या शिकवतील."

तो नुसता चार्जर हाताळत उभा राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "मावशीशी बोलते ना ती?"

मी पावतीपुस्तक पुढे ओढलं, पण माझा चेहराच बोलला असावा.

"कशी आहे मावशी?"

"आईला विचारा की."

"मी विचारलं तर ती मावशीशी बोलायचं बंद करेल," तो म्हणाला. चार्जर जागेवर ठेवला. "नको. नका शिकवू मला." आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आल्या. आवाज कमी कसा करायचा ते हवं होतं. दाखवलं. जाताना फोन पिशवीत नीट ठेवत खुशीत म्हणाल्या, "माझ्या पोराला यातलं ओ की ठो कळत नाही."

"नाही कळत," मी म्हटलं.