एमसच्या नावाचं पाणी

शुगर लँड या एकेकाळच्या उसाच्या गावी वसुधाकाकूंच्या शेजारी होरेस टिबडो राहायचा. वडील कचऱ्याची गाडी चालवायचे. हा शिकून तेल कंपनीत इंजिनीअर झाला. पण सगळी नोकरी झाली तरी मीटिंगच्या टेबलाभोवती काळा माणूस तो एकटाच. दिवसभर जपून बोलून संध्याकाळी जबडा दुखायचा. पन्नाशी उलटल्यावर त्याने मनावर घेतलं, आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या काळ्या पुरुषांची एक फ्रॅटर्निटी काढायची. मानलेल्या भावांचं मंडळ, अडीनडीला एकमेकांच्या दारात उभं राहणारं. दोन हजार चार साली त्याच्याच घरी पहिली बैठक झाली.

रीत त्यानेच बसवली. मागच्या अंगणात एकेकाने आपल्या वाडवडिलांचं नाव घ्यायचं, मातीत पाणी सोडायचं, आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "हजर." होरेसने आजोबांचं नाव घेतलं. सगळे हजर म्हणाले. सगळे गप्प झाल्यावर कुंपणाकडून आणखी एक 'हजर' आला. कोरड्या घशाचा.

भर दुपार होती. कुंपणापाशी कुणी नव्हतं.

"होरेस, तुझा एक पाहुणा जेवायचा राहिलाय बघ," दातांचा डॉक्टर कॅल्विन म्हणाला. सगळे हसले, पण ताटं अर्धवट टाकून लवकर उठले. पुढच्या बैठकीलाही तेच झालं, आणि होरेसच्या आजोबांच्या नावानंतरच. मग कुणाची मुलगी आजारी पडली, कुणाला कामं निघाली. कॅल्विनने फोनवर सरळ सांगितलं, एकमेकांना भाऊ मानायच्या शपथेला सगळ्यांना घेऊन येतो, पण पुन्हा तसं झालं तर हे मंडळ विसरायचं. भावकी जुळता जुळता मोडत होती.

त्याच आठवड्यात काकू कुंपणाशी आल्या. त्या कोल्हापूरकडच्या. "होरेसभाऊ, गूळ करताय का? सकाळपासून गुऱ्हाळाचा वास येतोय."

वास त्यालाही येत होता, रस करपल्यासारखा. पण ऊस इथून कधीच गेला होता, त्या जमिनीवर आता घरं होती. मग त्याने त्यांना सगळंच सांगितलं. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्यात पितरांना पाणी देतात तेव्हा ज्यांना कुणीच नाही त्यांनाही देतात. तुमच्यातलं कुणी राहिलंय का?

होरेसने आवाज खाली आणला. "आहे एक. पण तो कैदी होता, मिस वसुधा. असल्या मंडळात त्याचं नाव कसं घेऊ?"

आजोबांचा थोरला भाऊ, एमस. कुणाचं तरी खेचर चोरल्याचा आळ आला. त्या काळी ऊस तोडायला कैदी भाड्याने द्यायचे. त्याला याच भागात आणलं. तो परत आलाच नाही. घरात त्याचं नाव काढायला बंदी होती. होरेसच्या आईने तर त्या जमिनीवरच्या या घरात कधी पाऊल ठेवलं नाही.

काकू एवढंच म्हणाल्या, "तहान लागलेल्याला कोण म्हणून विचारत नाहीत."

शपथेच्या दिवशी सगळे आले खरे, पण गाडीच्या किल्ल्या हातातच. होरेसने आजोबांचं नाव घेतलं आणि कुणी काही म्हणायच्या आत पुढचंही घेतलं. "एमस टिबडो. त्यांचा थोरला भाऊ. कैदी. इथेच राहिला." ओंजळभर पाणी सोडलं.

"हजर," भाऊ म्हणाले.

"हजर," कोरडा घसा म्हणाला. मग त्याच्या पलीकडून दुसरा. काकूंच्या तुळशीपासून तिसरा. पुढच्या परसांतून, गोल्फच्या हिरवळीवरून, एकामागून एक, ओळीत उभ्या माणसांची मोजणी चालावी तसे आवाज लांब लांब जात राहिले. कुंपणापलीकडे काकू हात जोडून जागच्या जागी थिजल्या.

कॅल्विनचा चेहरा उतरला होता. पण त्याने किल्ली खिशात टाकली आणि बागेच्या नळाची नळी ओढत आणली. "किती आहेत कोण जाणे," तो म्हणाला. "ओंजळीने पुरायचं नाही."

शपथ झाली तेव्हा सगळ्यांचे बूट चिखलात होते.

दोन हजार आठपर्यंत मंडळ चांगलं वाढलं. बैठक अजून त्याच अंगणात भरते. नवा कुणी भूक लागली की विचारतो, जेवण कधी? होरेस बोट ओठावर ठेवतो, नळी मातीवर धरून ऐकत उभा राहतो. शेवटचा आवाज विरेपर्यंत तो कुणाला बसू देत नाही.