गावकीची गंगाजळी

कडावला आमच्या गावकीच्या राखीव पैशाला सगळे गंगाजळी म्हणतात. देवघरातल्या गंगेच्या गडूसारखी तीही कधी पूर्ण रिकामी करायची नाही, असा रिवाज आहे. खजिनदार मीच. गेल्या वर्षी मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी मी त्यातले पैसे कुणाला न सांगता उचलले. नंतर गुपचूप भरले, पण मन खातच राहिलं.

काल सभेत खजिनदारीसाठी पुन्हा माझंच नाव पुढे आलं, तेव्हा उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

शेजारची काकू कडाडली, "अरं, अडीनडीलाच हाय ना ती? मागितले असतेस तर आमी नाय बोललो असतो काय? आण ती पेटीची चावी इकडं, औंदा मी सांभाळते!"

सगळे हसले. चावी दिली आणि पन्नाशीतला मी, मनावरचं ओझं उतरलं हे बायकोला सांगायला घराकडे पळत सुटलो.