गिअरबॉक्स खोललाय

कोहमाऱ्याच्या चौकात माझे दोन ट्रक उभे असतात. नवरा गेल्यावर धंदा मीच हातात घेतला, आणि धंद्यातलं खोटंही. भाडं नको असलं की फोनवर सांगायचं, "गिअरबॉक्स खोललाय." हे ऐकून ऐकून माझा मुलगा इतका तयार झाला होता, की शाळा बुडवायची असली की पोटावर हात ठेवून तेच म्हणायचा.

पुढे तो फौजेत गेला, बर्फातल्या चौकीवर. सुट्टीत आला की मी त्याला डिवचायचे, "फौजेले सोताचे विमान-हेलिकॉप्टर कायले लागते रे? एवढ्या कंपन्या हायेत, घ्या ना भाड्यानं!" तो नुसता हसायचा.

मग सीमेवर गोळीबार सुरू झाला. तिकडची प्रवासी विमानं बंद केल्याचं टीव्हीवर सांगत होते. त्याच दुपारी एका ठेकेदाराचा फोन आला. जवानांचं रेशन सीमेजवळच्या तळावर न्यायला गाडी हवी होती. माझा ड्रायव्हर समोरच जेवत होता. त्यानं हात आखडला. "बाई, बॉम्ब पडून राहिले तिकडं. मी काऊन जाऊ?"

मी तरी कुठे शूर होते? मला आधी गाडी आठवली, तिचा विमा आठवला. पोरगा तिकडेच आहे हे फोन ठेवल्यावर आठवलं. तोवर गिअरबॉक्स खोलून झाला होता. ड्रायव्हरनं आणखी भात मागितला.

पाच दिवसांनी मुलाचा फोन आला, लष्कराच्या दवाखान्यातून. चौकीवर त्याच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं. रस्ता बर्फानं बंद. हवाई दलाचं हेलिकॉप्टर त्या गोळीबाराच्या दिवसांतही गेलं आणि त्याला खाली घेऊन आलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते. हे तो मला हवापाण्याची बातमी द्यावी तसं सांगत होता. मी होते तिथेच जमिनीवर बसले.

"आता बरा हायेस ना रे?"

"बरा हाव, माय." धाप लागत होती, तरी थट्टा सुटेना. "फौजेचं घरचं हेलिकॉप्टर होतं म्हणून आलं. भाड्याचं असतं तर म्हणले असते..."

त्याला खोकल्याची उबळ आली. पुढचं मला ठाऊक होतं.

"नोको बोलू," मी ओरडले. "नोको बोलू रे बाबा!"

त्याला वाटलं, खोकल्यासाठीच म्हणतेय.