सेठचा लॅपटॉप आणि आमचे खडे

ज्या घरात खडे चिकटवायचं काम चालतं, त्या घरात दोन गोष्टी कितीही झाडा, संपत नाहीत. एक खडे आणि दुसरे किस्से. कॉट सरकवली की दोन-चार निघतातच. मला सातवीपर्यंत जेवढं लिहायला शिकवलं तेवढ्यावर त्यातले थोडे इथे लिहिते.

तेव्हा आम्ही मीरा रोडला हाटकेशच्या बाजूला राहायचो. दुपारी आमच्या हॉलमध्ये आम्ही तिघी बसायचो. मी, शेजारच्या हंसाबेन आणि वरच्या मजल्यावरच्या जनाबाय. हंसाबेन भावनगरच्या. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणाऱ्या! जनाबाय इथल्याच. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. जिन्यात कोणी थुंकलं की त्या वरून ओरडायच्या, "माझे शेतान थुकतंस काय रं!"

भाई लोक इमिटेशनच्या कानातल्यांचा माल आणून टाकायचे. आम्ही चिमट्याने खडा उचलायचा, गम लावायचा, बसवायचा. बोलणं चालू, हात चालू.

* * *

खडे कुठे जातील याचा नेम नव्हता. माझ्या लेकीचे, सईचे पप्पा, म्हणजे आमचे हे, जवळच्याच एका स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात सुपरवायझर होते. एकदा डबा खाताना त्यांच्या दाताखाली काहीतरी कचकन आलं. आमटीत लाल खडा!

शेजारी जेवणारा पॉलिशवाला म्हणाला, "दिलीप, भाभी ने आज दाल में तड़का नहीं, नेकलेस डाला है!"

मला वाटलं, आता संध्याकाळी घरी भांडण. तर ह्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. खडा धुऊन, पुसून परत आणला होता. आणि माझा डझन पुरा व्हायला नेमका तोच एक कमी पडत होता!

* * *

मग घरात लॅपटॉप आला. आमचा नाही हो, ह्यांच्या गाळ्याच्या सेठचा. गाळ्यात पॉलिशची धूळ फार, म्हणून सेठने ह्यांना सांगितलं, "स्टॉक घरी बैठके भर." सेठ भाचीच्या लग्नाला राजस्थानात गेले होते. रविवारी येऊन स्वतः लॅपटॉप नेणार होते.

त्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ होती. बिघाडच तो. पण सेठने तोही फुकट जाऊ दिला नव्हता! आलेला माल रेघेच्या डाव्या बाजूला लिहायचा, गेलेला माल उजव्या बाजूला. जाताना ह्यांना बजावून गेले, "लाइन क्रॉस नहीं करने का!"

माझा जीव त्या लॅपटॉपमध्ये अडकला. मी तो फ्रिजवर ठेवायचे, वरून टॉवेल. सईला ताप आला की मी जशी कपाळाला हात लावून बघते, तशी येता-जाता त्यालाही हात लावून बघायचे.

एकदा घाबरून ह्यांना म्हटलं, "अहो, अंग गरम लागतंय!"

हे म्हणाले, "मग क्रोसिन दे."

* * *

बुधवारी व्हायचं ते झालं. हे दुपारी घरी बसून स्टॉक भरत होते. मी हाक मारली, "जेवायला चला." ह्यांनी झाकण बंद केलं. कट्‌!

उघडून बघतो तर कोपऱ्यातून तडे गेलेले आणि मध्ये शाई सांडल्यासारखं काळं. कीबोर्डवर एक हिरवा खडा.

हॉलमध्ये एकदम कोर्ट भरलं. हंसाबेन म्हणाल्या, "मेरे पास तो आज लाल है." जनाबाय म्हणाल्या, "मी सफेद लावतंय. माझा न्हाय." मी माझा ट्रे पुढे केला. माझ्याकडे काळे होते. हिरव्यांची पुडी तर अजून फोडायचीच होती.

तेवढ्यात सईने मूठ उघडून दाखवली. आत अजून पाच हिरवे! पुडी कॉटखाली, फोडलेली. तिला कोणी विचारलंही नव्हतं!

पण हसू कोणालाच आलं नाही. मागच्याच महिन्यात पॅकिंगवाल्याच्या हातून मशीन बिघडलं, तर सेठने त्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं होतं. ह्यांची नोकरी गेली असती तर माझ्या खड्यांवर घर चालणार नव्हतं. आणि रविवार यायला मध्ये फक्त तीन दिवस होते.

* * *

स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याने स्क्रीनची चौकट उघडली, मागचा नंबर बघितला, म्हणाला, "पैनल गया. नया डालना पड़ेगा." मग आकडा सांगितला. तो ऐकून मी सईला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं. हे मात्र त्याच्या हातांकडे बघत होते.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आता काय करायचं हो?"

हे म्हणाले, "त्याने काय केलं ते बघितलंस ना? कोपऱ्यातली रबराची बुचं काढली, खालचे स्क्रू काढले, चौकट नखाने उचकटली. एवढं तर मी पण करेन."

"आणि नाही जमलं तर?"

"तुटलेलं अजून काय तुटणार!"

खरंच होतं. चार दिवसांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं. नंतर लक्षात आलं, चार दिवस कुठले, दुपारीच तर फुटला होता!

* * *

ह्यांनी घरी फुटलेला पॅनल काढला आणि तो घेऊन आम्ही मुंबईला जुन्या सामानाच्या बाजारात गेलो. सई हंसाबेनकडे. दुकानदाराने भंगारातल्या दुसऱ्या लॅपटॉपचा पॅनल काढून दिला. मागचा नंबर सेम, वायरीची पिन सेम. किंमत आम्हाला झेपेल अशी. पण घरापर्यंत आणायचा कसा? मी सईची छोटी गोधडी नेली होती. त्यात तो गुंडाळला आणि छातीशी धरला.

मीरा रोडला उतरून शेअर रिक्षात बसलो. हे पुढे ड्रायव्हरजवळ. माझ्या शेजारी एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, बाळाचं तोंड उघडं ठेव, गुदमरेल ते!"

मी म्हटलं, "नको आजी, धूळ बसेल."

"किती शांत आहे गं! अजिबात रडत नाही?"

माझं सगळं लक्ष खड्ड्यांकडे. मी बोलून गेले, "अजून चालू करून बघितलं नाही."

आजी पुढच्याच नाक्यावर उतरल्या. पुढे ह्यांचे खांदे नुसते हलत होते.

* * *

शुक्रवारी दुपारी ऑपरेशन. हे गाळ्यातून हाफ डे घेऊन आले. चष्म्याचा बारीक स्क्रू ड्रायव्हर हंसाबेनचा. स्क्रू ठेवायला आमचाच खड्यांचा ट्रे, कप्प्याकप्प्याचा. मी सगळ्यांना रबरी चपला घालायला लावल्या.

जनाबायनी दारातूनच विचारलं, "बॅटरी काढलीस काय रं? न्हाय तं झटका बसंल."

"काढली, जनाबाय."

तरी माझं समाधान होईना. स्क्रीनला करंट असतो असं दुकानदार म्हणाला होता. मी गुपचूप जाऊन अजून एक काळजी घेतली.

ह्यांनी मागची रुंद पट्टी जोडली, लाइटची बारीक वायर जोडली. स्क्रू घट्ट करायच्या आधी चालू करून बघू म्हणाले. चार्जर लावला, बटण दाबलं. काहीच नाही. परत दाबलं. काळं. पट्टी काढून पुन्हा जोडली. काळंच. हे भिंतीला टेकून खाली बसले. मी देवाकडे बघत होते. जनाबाय म्हणाल्या, "गेलं वाटतं."

हंसाबेन पदराने वारा घेत होत्या. त्यांनी वर बघितलं. पंखा बंद. "वैशालीबेन, लाइट गई क्या?"

मी जाऊन मेन स्विच वर केला.

पंखा फिरला, फ्रिज गुरगुरला आणि खाली लॅपटॉप उजळला! हे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "सेफ्टी."

* * *

बंद करताना एक स्क्रू कमी पडला. काळा, चपट्या डोक्याचा, तिळाएवढा. सई तोवर झोपेतून उठून हॉलमध्ये आलेली. गिळला! तिला दोन केळी चारली, उचलली आणि डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी विचारलं, "गिळताना तुम्ही बघितलं का?"

"नाही. पण एक कमी आहे."

डॉक्टरांनी सईचं पोट दाबून बघितलं, घसा बघितला. मग पेन खाली ठेवलं. "वैशालीताई, गेल्या महिन्यात शर्टाचं बटण. त्याआधी पेनाचं टोपण. तुमच्या घरात जे जे कमी असेल, ते सगळं हिच्याच पोटात शोधायचं का?"

मी ओशाळून उठले, तर मागून आवाज आला, "थांबा. माझं पेन कुठे गेलं?"

सईच्या हातात होतं.

* * *

स्क्रू शनिवारी सापडला. माल नेणारा भाई सकाळी तयार मालाचा डबा घेऊन गेला होता, तो दुपारी तोंड गंभीर करून परत आला. मला वाटलं, माल रिजेक्ट. त्याने एक कानातलं तळहातावर ठेवलं. गोल कडेला पांढरे खडे आणि बरोब्बर मधोमध आमचा स्क्रू! काळा, डोक्यावर फुली, गम लावून नीट बसवलेला. हंसाबेनचा चष्मा कपाळावरच होता.

"ये किसने बनाया?"

आम्ही तिघी आपापल्या ट्रेमध्ये बघायला लागलो.

"पार्टी को बहुत पसंद आया. पाँच डझन चाहिए."

हंसाबेन म्हणाल्या, "भाई, उसके लिए तो पूरी बिल्डिंग का लैपटॉप खोलना पड़ेगा!"

भाई नमुना म्हणून ते कानातलं घेऊनच गेला. ह्यांनी रिकाम्या भोकावर रबराचं बूच दाबलं. वरून काही कळत नव्हतं.

* * *

रविवारी सेठ आले. माल द्यायचा होता म्हणून आम्ही तिघी खाली बसून काम करत होतो. ह्यांनी सकाळपासून ठरवलं होतं, "मी खरं सांगणार. ठेवायचं तर ठेवतील." मी चहा ठेवला, पण साखर घातली की नाही ते आठवेना, म्हणून परत घातली.

सेठने एक घोट घेतला, कप लांब ठेवला आणि लॅपटॉप उघडला. स्क्रीन उजळली. स्वच्छ. एक डाग नाही.

सेठने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. "दिलीप, लाइन किधर गई?"

हे म्हणाले, "सेठ, वो..." आणि तिथेच अडकले. पाठ केलेलं सगळं विसरले.

मी म्हणून गेले, "पोंछते पोंछते निकल गई, सेठजी."

"पूरी?"

"पूरी."

जनाबाय खाली मान घालून म्हणाल्या, "जाम घासलं तिनी."

सेठने माझ्याकडे बघितलं. ह्यांच्याकडे बघितलं. मग आमचे ट्रे, चिमटे, गमची बाटली. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या रबराच्या बुचावरून सावकाश बोट फिरवलं. मी मांडीवरच्या सईची मूठ घट्ट धरून ठेवली.

सेठने लॅपटॉप आमच्याकडे सरकवला. "अब मैं माल किधर लिखूँ? आया हुआ गया में जाएगा, गया हुआ आया में. मेरे को मेरी लाइन चाहिए."

हंसाबेननी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. हातातला ट्रे पुसला आणि सेठच्या पुढ्यात ठेवला.

"सेठ, ग्रीन में दो है. लाइट चाहिए के डार्क?"

सेठ खुर्चीतून वाकले. दोन्ही कप्पे नीट बघितले, एक-एक खडा उचलून उजेडात धरला. मग म्हणाले,

"थोड़ा डार्क."